‘बाहेरची’ म्हणून गप्प बसू नका!

‘तुम्ही मूळच्या कुठल्या हो?’

मलकापूरला, चिखलीला किंवा खामगावला लग्न होऊन आलात, तेव्हा शेजारणीने तुम्हांला हे विचारले असेलच. पुढे वीस वर्षे संसार होतो, मुले इथल्याच शाळेतून दहावी होतात. पण गावाच्या कामात तोंड उघडले की कुणीतरी पुटपुटतेच, ‘ही तर बाहेरची!’ मग आपणही ‘जाऊ दे, आपल्याला काय करायचंय’ म्हणत पुन्हा पोळपाट-लाटणे हाती घेतो. खरे ना?

म्हणूनच आज आपल्या विदर्भाच्या एका लेकीची हकिगत सांगते. स्वाती दांडेकर मूळच्या नागपूरच्या. 1973 साली त्या अमेरिकेतल्या आयोवा राज्यात संसार थाटायला गेल्या. आपल्या बुलढाण्यासारखाच तोही मक्या-सोयाबीनचा मुलूख, पण माणसे, भाषा, थंडी सगळेच परके! तिथे त्यांनी पहिली निवडणूक जिंकली ती 1996 साली, म्हणजे तब्बल 23 वर्षांनी. आणि ती कशाची? तर शाळांचा कारभार पाहणाऱ्या मंडळाची. तिथे हे मंडळ मतदार निवडतात.

2002 साली त्या राज्याच्या विधानसभेला उभ्या राहिल्या. तेव्हा विरोधी उमेदवाराने ई-मेलमधून सवाल केला की, भारतात वाढलेली ही बाई आयोवाचे कायदे कसे करणार? झाले, तीच ती ‘बाहेरची’! पण सहा वर्षे शाळांचे काम पाहिलेल्या मतदारांनी स्वातीताईंनाच निवडून दिले. 2009 मध्ये त्या वरिष्ठ सभागृहात गेल्या. 2014 साली अमेरिकेच्या संसदेसाठी पक्षाची उमेदवारी मागितली, तेव्हा मात्र हरल्या. राजकारणात हारही यायचीच, बरे का!

परदेशी गेलेल्यांच्या लेकीही याच वाटेने पुढे आल्या आहेत. कमला हॅरिस यांची आई तमिळनाडूची, वडील जमैकाचे. त्यांची पहिली निवडणूक 2003 साली सॅन फ्रान्सिस्को शहराच्या सरकारी वकिलाची. 2021 मध्ये त्या अमेरिकेच्या उपाध्यक्ष झाल्या.

आता तुम्ही म्हणाल, ‘अहो, ते अमेरिकेत!’ पण पहिली पायरी तुमच्या दारातच आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असावीच लागते. तिचे 75 टक्के सभासद पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या. नगरपालिका, पंचायत समिती, जिल्हा परिषदेतही 2011 पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा आपल्यासाठी आहेत.

दोन गोष्टी मात्र आधीच पाहून ठेवा. मतदारयादीत नाव सासरच्या गावी आले आहे ना? उमेदवाराचे वय 21 पूर्ण हवे आणि नाव इथल्या यादीत हवे. दुसरे म्हणजे जातीचा दाखला. राखीव जागेसाठी जात माहेरची धरतात. तुम्ही बऱ्हाणपूर-खंडव्याकडून आला असाल, तर मध्य प्रदेशातला दाखला इथल्या राखीव जागेला चालत नाही. सर्वसाधारण स्त्रियांची जागा मात्र तुम्हांला मोकळी आहे.

आणि एक सांगू? निवडून यायचे आपण, नि सभेला जायचे ‘ह्यांनी’, असे होऊ देऊ नका. कागद वाचल्याशिवाय सही करू नका. स्वयंपाकाचे कसे, एक दिवस खिचडीवर भागते!

जिजाऊ आपल्याच सिंदखेडराजाच्या. त्याही सासरी गेल्या आणि पुण्याची विस्कटलेली घडी त्यांनी पुन्हा बसवली. तेव्हा शाळेतून पुढच्या सभेची चिठ्ठी आली की ती फ्रिजवर लावून विसरू नका. सभेला जा, आणि मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी का नाही, एवढे तरी विचारून या.