विभागीय चौकशी
शासकीय कर्मचाऱ्यावरील गैरवर्तणुकीच्या आरोपांची शिक्षेपूर्वी होणारी रीतसर तपासणी. संविधानाच्या अनुच्छेद ३११ प्रमाणे नियुक्ती प्राधिकाऱ्याहून कनिष्ठ अधिकाऱ्यास कर्मचाऱ्याला बडतर्फ करता येत नाही. सोनपेठ (जि. परभणी) तालुक्यातील तलाठ्याची नेमणूक तहसीलदार करीत नाही, साहजिकच त्यास बडतर्फ करण्याचा अधिकारही तहसीलदारास नाही. दोषारोपपत्र, साक्षीपुरावा, उलटतपासणी हे टप्पे महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ यांत दिले आहेत.

प्रस्तावित शिक्षेविरुद्ध निवेदन करण्याची दुसरी संधी ४२ व्या घटनादुरुस्तीने (१९७६) वगळण्यात आली. मग चौकशी अहवालाची प्रत तरी द्यावयाची की नाही, असा वाद उद्भवला. शिक्षा देणारा अधिकारी स्वतः चौकशी करीत नसेल, तर ती आधी दिलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने करुणाकर खटल्यात (१९९३) ठरविले. तथापि प्रत न मिळाल्याने बचावास बाध आला, हे न्यायालयास पटावे लागते. पटले, तरी कर्मचारी तत्काळ निर्वेध कामावर येत नाही. त्यास निलंबित मानून चौकशी त्या टप्प्यापासून पुढे चालविता येते व थकीत वेतनाचा निर्णय अखेरीस होतो. दीर्घकाळ वेतनावाचून राहिलेल्यास हा विजय अपुराच वाटतो. परभणी जिल्ह्यातील राज्य कर्मचाऱ्यांची अशी प्रकरणे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या (स्थापना १९९१) छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील खंडपीठापुढे चालतात.