नागरिकत्वाचा अर्ज आणि गावचे दप्तर : महाड-पोलादपूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

भारतीय राज्यघटनेच्या दुसऱ्या भागात, कलम ५ ते ११ मध्ये, नागरिकत्वाचा विचार करण्यात आला आहे. कलम ११ अन्वये याविषयी कायदा करण्याचा अधिकार संसदेस असून त्यानुसार नागरिकत्व अधिनियम, १९५५ अस्तित्वात आला. जन्म, वंश, नोंदणी, देशीयकरण आणि प्रदेशाचे सामिलीकरण असे नागरिकत्वप्राप्तीचे पाच मार्ग त्यात सांगितले आहेत. नागरिकत्वाचा अर्ज हा महानगरांचा किंवा सीमावर्ती राज्यांचा प्रश्न आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. वस्तुतः रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील महाड व पोलादपूर या तालुक्यांनाही तो परका नाही. या पट्ट्यातील कोकणी मुस्लिम समाजाचे आप्तसंबंध आखाती देश, दक्षिण आफ्रिका आणि फाळणीनंतर कराची येथपर्यंत पसरले. सोयरिकी मात्र जुन्याच घरांत होत राहिल्या. परदेशी पासपोर्टवर सासरी आलेल्या सुनेला भारतीय नागरिक व्हावयाचे असल्यास काय करावे लागते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

विवाहाधारे नोंदणी

भारतीय नागरिकाशी विवाह झाला म्हणजे नागरिकत्व आपोआप मिळते, हा समज चुकीचा आहे. अधिनियमाच्या कलम ५(१)(क) मध्ये मुळात केवळ विवाहित स्त्रियांचा उल्लेख होता. १९८६ च्या दुरुस्तीने ही तरतूद स्त्री-पुरुष दोघांनाही लागू झाली आणि पाच वर्षांच्या निवासाची अट आली. २००३ च्या दुरुस्तीने ती सात वर्षांची झाली. या सात वर्षांची मोजणी समजून घेणे अगत्याचे आहे. अर्जापूर्वीचे लगतचे बारा महिने सलग भारतात वास्तव्य हवे आणि त्याआधीच्या आठ वर्षांत मिळून किमान सहा वर्षांचे वास्तव्य हवे. म्हणजे आधीच्या काळात माहेरी जाण्यास काहीशी मोकळीक आहे, शेवटच्या वर्षी ती जवळपास नाही. विशेष परिस्थितीत या बारा महिन्यांत तीस दिवसांपर्यंतचा खंड क्षमापित करण्याचा अधिकार २०१५ च्या दुरुस्तीने केंद्र शासनास दिला आहे. कराचीत आई अंथरुणास खिळली असता मुलीने जावे की अर्जाचे वर्ष राखावे, हा पेच या तरतुदीतून निर्माण होतो. आणि तीस दिवसांत आजारपण उरकतेच असे नाही.

दुसरी अट अधिक कठोर आहे. वैध कागदपत्रांविना आलेली किंवा मुदत संपल्यावरही राहिलेली परकीय व्यक्ती २००३ च्या दुरुस्तीनुसार 'अवैध स्थलांतरित' ठरते आणि नोंदणीचा मार्ग तिला बंद होतो. त्यामुळे दीर्घ मुदतीच्या व्हिसाचे नूतनीकरण वेळेत होणे हा या प्रक्रियेचा कणा होय. यात केवळ तिचेच हित गुंतलेले नसते. ३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मलेले मूल जन्मतः नागरिक ठरण्यासाठी आईवडील दोघेही नागरिक असावे लागतात, किंवा एक नागरिक असून दुसरा त्या वेळी अवैध स्थलांतरित नसावा लागतो. व्हिसाची मुदत उलटलेल्या काळात पोलादपूरच्या सरकारी रुग्णालयात बाळंतपण झाले, तर वडिलांच्या सात पिढ्या गावच्या असूनही मुलाचे जन्मसिद्ध नागरिकत्व हातचे जाते.

पतीचे कागद

अर्ज पत्नीचा असला तरी त्याचा मोठा भार पतीच्या कागदपत्रांवर पडतो, ही बाब बहुतेकांस अर्ज भरताना प्रथमच कळते. पत्नीचा वैध परदेशी पासपोर्ट, निवासाचा परवाना व विवाहाचा दाखला यांबरोबरच पती भारतीय नागरिक असल्याचा पुरावा, म्हणजे त्याचा पासपोर्ट किंवा जन्माचा दाखला, जोडावा लागतो. आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, असे संबंधित कायद्यातच म्हटले आहे. ज्याच्या नागरिकत्वाविषयी गावात कोणी कधी शंका घेतली नाही, त्यालाच ते कागदावर दाखवावे लागते.

येथे गावच्या दप्तराशी गाठ पडते. जुन्या जन्म-मृत्यू नोंदी गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे लोकभाषेत कोतवाल बुकात, सापडतात. त्यांतील कित्येक मोडी लिपीत असल्याने जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे लागते. नोंद बारशाच्या आधी झालेली असल्यास बाळाचे नावच नसते. बापाचे नाव आणि मुलगा की मुलगी एवढेच असते. शाळेच्या जनरल रजिस्टरात जन्मतारीख १ जून असते, कारण त्या काळी दाखल करताना गुरुजी सोयीची तारीख घालीत. वडिलांच्या कागदावर 'जिल्हा कुलाबा' असते आणि मुलाच्या कागदावर 'जिल्हा रायगड'. हे नामांतर १९८१ मध्ये झाले, हे मुंबई-दिल्लीच्या टेबलावर प्रत्येकास ठाऊक असेलच असे नाही. आडनावाचे स्पेलिंग तर पासपोर्टागणिक बदलते. जन्माची नोंदच नसेल तर ती विलंबाने करता येते. एक वर्षानंतर त्यासाठी पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागे, २०२३ च्या दुरुस्तीपासून हा अधिकार जिल्हा वा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे आला आहे.

पुराव्याचा भार कोणावर, या प्रश्नाला महाडात जुना इतिहास आहे. २० मार्च १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर झालेल्या दाव्यात १९३७ साली उच्च न्यायालयाने बंदीची प्रथा अनादी असल्याचे सिद्ध झाले नाही, असा निर्णय दिला. तेथे भार हक्क नाकारणाऱ्यांवर होता. नागरिकत्वाच्या अर्जात तो सर्वस्वी मागणाऱ्यावर असतो.

शिवाय या खोऱ्यात कागद टिकत नाहीत. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील दासगाव, जुई या गावांवर दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री व गांधारीच्या पुराने महाड शहर बुडाले. त्याच दिवशी तळिये येथे आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथे दरडी कोसळून मोठी जीवितहानी झाली. अशा वेळी माणसे वाचली तरी ट्रंकेतील कागद वाचत नाहीत. मूळ प्रती हाती असतानाच प्रमाणित प्रती काढून त्या दुसऱ्या गावी नातलगांकडे ठेवणे, हा यावरील साधा आणि खर्चाने अल्प असा उपाय होय.

अर्जाचा मार्ग

अर्ज केंद्रीय गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर भरला जातो. विवाहाधारे नोंदणीसाठी नागरिकत्व नियम, २००९ मधील नमुना ३ आहे. चौकशी होऊन जिल्हाधिकाऱ्यांचा अहवाल राज्य शासनामार्फत केंद्राकडे जातो. प्रांत कार्यालय महाडला असले तरी जिल्हाधिकारी व पोलीस अधीक्षक दोघेही अलिबागला आहेत. पोलादपूरहून ते अंतर शंभर किलोमीटरांहून अधिक असून प्रत्येक त्रुटीच्या पत्रामागे एक दिवस व एक मजुरी बुडते. पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातील विशिष्ट अल्पसंख्याक समुदायांसाठी २०१६ मध्ये काही जिल्हाधिकाऱ्यांना निर्णयाचे अधिकार देण्यात आले. त्यांत महाराष्ट्रातील मुंबई, ठाणे, पुणे व नागपूर हे जिल्हे होते, रायगड नव्हता. २०१९ ची दुरुस्तीही याच देशांतील सहा धर्मांच्या व्यक्तींपुरती आहे. कराचीहून आलेल्या मुस्लिम सुनेस तिचा उपयोग नाही.

अर्ज मान्य झाल्याचे पत्र आले म्हणजे नागरिकत्व मिळाले, असे नव्हे. त्यानंतर मूळ नागरिकत्वाचा त्याग केल्याचा पुरावा द्यावा लागतो व निष्ठेची शपथ घ्यावी लागते. हा टप्पा नाजूक आहे. पाकिस्तानच्या १९५१ च्या कायद्यानुसार एकवीस वर्षांखालील व्यक्तीस त्याग करता येत नाही. केरळमध्ये राहणाऱ्या दोन बहिणींनी त्या वयाआधी पासपोर्ट परत केला, पण त्यागाचे प्रमाणपत्र त्यांना मिळाले नाही. एकल न्यायाधीशांचा निर्णय त्यांच्या बाजूने लागला होता. २०२५ मध्ये खंडपीठाने तो रद्द केला. यास्तव मान्यतेचे पत्र हाती येण्यापूर्वी जुना पासपोर्ट परत करू नये.

नोंदणीचा परिणाम नोंदणीच्या दिनांकापासून होतो, मागील काळास तो लागू होत नाही. आईच्या व्हिसाच्या खंडात जन्मलेले मूल आई नागरिक झाल्याने आपोआप नागरिक होत नाही. अज्ञान मुलासाठी कलम ५(१)(ड) खाली नमुना ४ मध्ये स्वतंत्र अर्ज करावा लागतो आणि तोही अलिबागमार्गेच दिल्लीस जातो.