नवगावची बेने इस्रायल दफनभूमी : एक टिपण

कळंबोली ज्या तालुक्यात मोडते त्या पनवेलास १८४९ साली बांधलेले 'बेथ एल' हे सिनेगॉग आहे. मराठी मातृभाषा असलेल्या बेने इस्रायल ज्यूंच्या इतिहासाचा माग तेथून दक्षिणेस घेत गेल्यास आपण अलिबागजवळ समुद्रकाठी वसलेल्या नवगावास पोचतो. तेथील लहानशी दफनभूमी हा समाज आपल्या कोकणातील वास्तव्याचा आरंभ मानतो. पुरावा या दृष्टीने तिचे मोल काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

परंपरा अशी : पूर्वजांचे गलबत नवगावनजीक फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. किनाऱ्यास लागलेली प्रेते गावात पुरण्यात आली. पुरुषांची एका उंचवट्याखाली, स्त्रियांची दुसऱ्या. वाचलेल्यांच्या वंशजांनी तेल गाळण्याचा धंदा पत्करला. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस 'शनिवार तेली' म्हणू लागले. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली लिहिलेल्या व १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या इतिहासात हे आगमन इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमाराचे मानले आहे.

तथापि, या उंचवट्यांवर मुळात एकही अक्षर नाही. पुढे तेथे स्मारक उभारले गेले. त्यावरून परंपरेवरील श्रद्धा कळते, काळ कळत नाही. सार्टोरियस या मिशनऱ्याच्या १७३८ सालच्या पत्रात या तेली ज्यूंचा उल्लेख असून, 'शेमा' ही एकच प्रार्थना त्यांस ठाऊक असल्याचे म्हटले आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासात मध्यपूर्वेतील ज्यू व स्थानिक भारतीय असा दुहेरी वारसा आढळला. त्याने बाहेरून आगमन झाल्याच्या कथेस बळकटी येते. गलबत फुटल्याची कथा मात्र त्याने सिद्ध होत नाही.

जेथे माती मुकी आहे तेथे नावे बोलतात. १७९६ साली मुंबईत पहिले सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे 'समाजी हसाजी दिवेकर' म्हणूनही ओळखले जात. मूळ नावे हिब्रू, 'जी' हा आदरार्थी प्रत्यय मराठी आणि आडनाव दिवे या गावावरून आलेले. पेणकर, रोहेकर, झिराडकर, केहिमकर, नवगावकर ही आडनावेही अशीच. 'कर' प्रत्यय लागावयास गावाशी नाते रूढ व्हावे लागते. म्हणून हा समाज कोकणाच्या खेड्यांत किती खोलवर रुजला होता याची साक्ष ही आडनावे देतात. कोकणातील बेने इस्रायल दफनभूमींत हिब्रू व मराठी हे दोन्ही लेख असलेल्या शिळा आढळतात, त्यांचे महत्त्व यामुळेच आहे. पुढील काळातील असल्या तरी त्या लेखी आहेत, आणि एकाच मृताची धर्मभाषा व मातृभाषा त्या शेजारी-शेजारी नोंदवितात.

१९४८ नंतर समाजाचा बहुसंख्य भाग इस्रायलला गेला. गावाचे नाव आडनावातून परदेशी पोचले. कबरी मागे राहिल्या. शिळांवरील नावे, त्यांची लेखनरूपे व तिथी जशाच्या तशा उतरवून घेणे, आणि उंचवट्यांची हकीकत समाजातील वृद्धांच्या व त्यांच्या शेजाऱ्यांच्या तोंडून टिपून ठेवणे, ही दोन कामे वेगवेगळी आहेत. एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही. शिळा झिजते ती शतकांनी. सांगणारा मात्र एका पिढीत नाहीसा होतो. म्हणून आरंभ दुसऱ्या कामापासून करणे इष्ट होय.