मालमोटारींची वाट आणि मोहल्ल्याची झोप

नगर वाढते ते मालाच्या येण्याजाण्यावर आणि टिकते ते माणसांच्या स्वास्थ्यावर. या दोहोंचा मेळ बसला नाही, की एकतर बाजार ओस पडतो, नाहीतर वस्ती आजारी होते. आमच्या इंदूरसारख्या शहरात या सत्याचा प्रत्यय रोज येतो. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी येथे आली, आणि पेढ्या, आडती व कापडबाजार यांनी शहरास माळव्याच्या व्यापाराचे केंद्र केले. त्या काळी माल बैलगाडीने येई आणि गल्ल्याही बैलगाडीच्याच मापाच्या होत्या. गल्ल्यांचे माप बरेचसे तेच राहिले, बैलगाडीच्या जागी मात्र दहा-बारा चाकांची मालमोटार आली.

जुन्या बाजारपेठेलगत राहणाऱ्या आपल्या अनेक कुटुंबांना पुढचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. मध्यरात्र उलटते, मोटार मागे घेताना भोंगा वाजू लागतो, क्लीनर ओरडून दिशा सांगतो, साखळ्या खळखळतात आणि हौद्याचा फाळका धाडकन खाली पडतो. मग शटर वर जाते, पोती व पेट्या उतरू लागतात, आणि तेवढा वेळ इंजिन मात्र चालूच असते. वरच्या मजल्यावर कोणी वृद्ध कूस बदलीत पडलेला असतो, कोणी तान्हे दचकून उठते, आणि फेब्रुवारी-मार्चच्या बोर्डाच्या परीक्षेस बसणारे मूल सकाळी जडावलेल्या डोळ्यांनी वही उघडते. शाळेत आयुष्य घालविलेल्या आम्हांस अशी मुले वर्गात चटकन ओळखू येतात. जी डुलकी आपण आळस समजतो, ती पुष्कळदा रात्रीची थकबाकी असते.

हे सारे रात्रीच का घडते? कारण दिवसा गर्दीच्या भागात जड वाहनांस बंदी घालावयाची आणि रात्री वाट मोकळी करावयाची, ही बहुतेक शहरांची रीत आहे. रीत नवी नव्हे. ज्यूलियस सीझरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नगरकायद्याने प्राचीन रोममध्ये दिवसा बहुतेक गाड्यांस बंदी केली होती. परिणाम असा, की सारा खडखडाट रात्रीवर गेला आणि पुढे जुव्हेनाल या कवीने रोममध्ये झोप मिळत नसल्याची तक्रार आपल्या उपरोधिक काव्यात नोंदविली. दिवसाची बंदी आवाज नाहीसा करीत नाही, ती तो रात्रीकडे ढकलते. म्हणूनच वेळेचा नियम एकटा पुरत नाही; वाट, वेळ आणि माल हाताळण्याची पद्धत, या तिन्हींचा विचार एकत्र व्हावा लागतो.

दिवसाची बंदी अनावश्यक आहे, असे मात्र कोणी समजू नये. १५ सप्टेंबर २०२५ च्या सायंकाळी इंदूरच्या विमानतळ मार्गावर, प्रवेशबंदीच्या वेळी, एक मालमोटार शिरली आणि बडा गणपतीच्या दिशेने वाहने व माणसे चिरडीत गेली. त्यात निष्पाप नागरिकांचे प्राण गेले व उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. फलकावर लिहिलेला नियम चौकात पाळला गेला नाही, तर त्याची किंमत कोण देतो, हे त्या सायंकाळी शहराने पाहिले.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५ अन्वये राज्य शासन किंवा त्याने अधिकार दिलेली यंत्रणा सार्वजनिक सुरक्षितता, सोय अथवा रस्त्याचे वा पुलाचे स्वरूप लक्षात घेऊन एखाद्या भागात किंवा रस्त्यावर वाहनांस बंदी अथवा मर्यादा घालू शकते. बंदी महिन्याहून अधिक काळाची असेल, तर राजपत्रात अधिसूचना निघावी लागते. वाहने कोठे थांबावीत, याची जागा ठरविण्याची तरतूद कलम ११७ मध्ये आहे.

आवाजासाठी ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० आहेत. त्यांत रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ व ५५, आणि शांतता क्षेत्रात ५० व ४० अशा मर्यादा आहेत. रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्या भोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरविता येतो. २०१० च्या दुरुस्तीनंतर निवासी भागात रात्री भोंगा वाजविण्यासही, आणीबाणीचा प्रसंग सोडता, मनाई आहे. दहा डेसिबलची वाढ कागदावर किरकोळ वाटते. परंतु ध्वनीची शक्ती तिने दहापट होते आणि कानास आवाज जवळजवळ दुप्पट भासतो.

येथेच एक मेख आहे. जुन्या पेठांत खाली दुकान आणि वर घर अशीच रचना असते. अशी गल्ली निवासी की व्यापारी? नियमांच्या अनुसूचीत म्हटले आहे, की संमिश्र वस्तीस सक्षम प्राधिकारी चारांपैकी एका वर्गात घालू शकतो. म्हणजे रात्री ४५ चा हक्क की ५५ चा, हे एका वर्गवारीवर अवलंबून राहते. आपली गल्ली कोणत्या वर्गात आहे, हे विचारणारे रहिवासी आम्हांस फारच थोडे भेटले. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने हे विचारता येते. मार्गबंदीच्या अधिसूचनेची प्रतही मागता येते. मर्यादेपेक्षा आवाज दहा डेसिबल वा अधिक असेल, तर संबंधित प्राधिकाऱ्याकडे तक्रार करण्याची सोय नियमांतच आहे. एकट्याच्या तोंडी कुरकुरीपेक्षा गल्लीतील वीस घरांचा, तारखा व वेळा नोंदविलेला एक अर्ज अधिक बोलका असतो.

परदेशांतील दोन उदाहरणे उद्बोधक आहेत. लंडनमध्ये १९८५ पासून १८ टनांहून जड मालवाहनांच्या रात्रीच्या व शनिवार-रविवारच्या फिरण्यावर मर्यादा आहेत. परवानगी मिळाली तरी चालकाने शक्यतो मोठ्या रस्त्यांनीच जावे आणि अखेरच्या टप्प्यातच लहान रस्ता धरावा, असा दंडक आहे. हॉलंडने वेगळी वाट धरली. तेथील ‘पीक’ मानकाप्रमाणे माल चढविण्या-उतरविण्याचा आवाज साडेसात मीटरांवर मोजला असता सायंकाळी ७ ते ११ पर्यंत ६५ आणि रात्री ११ ते सकाळी ७ पर्यंत ६० डेसिबलच्या आत असावा लागतो. त्यासाठी हातगाड्यांस मऊ चाके, हौद्यास आवाज शोषणारे अस्तर आणि कामगारांस शिक्षण, असे साधे उपाय झाले.

असे उपाय आपल्याकडे अशक्य नाहीत. माल उतरेपर्यंत इंजिन बंद ठेवावे. फाळक्याच्या कडेस जुन्या टायरची पट्टी लावावी. लोखंडी चाकांच्या हातगाडीस रबरी चाके बसवावीत. ओरडण्याऐवजी बॅटरीचा इशारा द्यावा. अवजड माल शहराबाहेरील ट्रान्सपोर्टनगरात उतरवून लहान गाड्यांनी पहाटे सहानंतर दुकानी आणावा. याचा खर्च व्यापाऱ्यास पडेल, हे खरे. पण आज तो खर्च शेजारी आपल्या झोपेने भरीत आहेत, एवढे ध्यानी घ्यावे.

एक गोष्ट मात्र विसरू नये. त्या मालमोटारीतून येणारी साखर, डाळ आणि पोहे आपल्याच डब्यांत जातात. फाळका उघडणारा हमाल हाही कोणाचा तरी पिता आहे, त्याचीही रात्र जात असते. दोन-दोन दिवस चाक सोडून न उठलेला चालक आपला शत्रू नव्हे. तेव्हा तक्रारीचा रोख माणसांवर नको, व्यवस्थेवर असावा. रात्रीची वेळ, उतरण्याची जागा आणि हमालीचा दर हे तिन्ही प्रश्न दुकानदार, हमाल व रहिवासी यांनी एकत्र बसून सोडविले, तर पोलिसांचे अर्धे काम हलके होईल.

याच शहरासाठी पॅट्रिक गेडीस यांनी १९१८ मध्ये नगररचनेचा अहवाल दरबारास सादर केला. प्लेगच्या त्या दिवसांत त्यांनी दिवाळीची मिरवणूक ठरलेल्या मार्गाने न नेता, ज्या मोहल्ल्यांनी स्वच्छता राखली त्यांच्या रस्त्यांनी नेली, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. मिरवणुकीचा मार्ग हेच लोकशिक्षणाचे साधन झाले. आज स्वच्छतेत देशभर नाव मिळविलेल्या या शहरास शांततेचे शिक्षण अवघड का वाटावे? ओला आणि सुका कचरा घराघरांतून वेगळा होऊ लागला, तो केवळ दंडाच्या भीतीने नव्हे. लोकांनी तो आपला प्रश्न मानला म्हणून. आपल्या मंडळांच्या सभांत उत्सवांच्या खर्चाबरोबर या विषयासही एखादी सायंकाळ द्यावी. पुढील परीक्षांच्या हंगामापूर्वी एका जरी गल्लीत रात्री दहानंतर इंजिने बंद होऊ लागली, तरी तेथील मुले त्याचा लाभ उत्तरपत्रिकेतून दाखवून देतील.