मिरचीचें रोप आणि विजेचा उजेड

गोंदिया जिल्ह्यांतील अर्जुनी-मोरगांव तालुक्यांत केशोरी हें गांव आहे. भोंवतालचा मुलूख भाताचा, तळ्यांचा आणि जंगलाचा. परंतु बाजारांत केशोरीचें नांव निघतें तें तेथल्या मिरचीमुळें. या मिरचीचें बीं एखाद्या कुटुंबानें पुडींत बांधून नागपूरच्या किंवा ठाण्याच्या सदनिकेंत नेलें, म्हणजे प्रारंभीं सर्व यथास्थित चालतें. बीं रुजतें, दोन इवलीं पानें वर येतात, घरांतील मुलें कौतुकानें पाणी घालतात. त्यानंतर मात्र रोप खिडकीच्या दिशेनें वांकडें होतें, त्याची काडी लांबट व फिकट होते, आणि एके सकाळीं तें कुंडींत आडवें पडलेलें आढळतें. मातीचा किंवा पाण्याचा तेथें दोष नसतो. अन्न तयार करण्यास लागणारा उजेडच त्याला मिळालेला नसतो.

घरांतील मंडळींस हें सहसा पटत नाहीं, कारण त्यांच्या दृष्टीनें खोली चांगली लख्ख असते. येथें डोळा फसवितो. मनुष्याची बाहुली अंधारांत विस्फारते व उन्हांत आकुंचन पावते. त्यामुळें अंगण आणि दिवाणखाना यांच्या उजेडांतील फरक त्याला दुप्पट-चौपट वाटला, तरी प्रत्यक्षांत तो शेंकडों पटींचा असतो. वनस्पतीला अशी सोय नाहीं. पानावर प्रकाशाचे जितके कण पडतील, तितकेच तिच्या हिशेबीं जमा होतात. हे कण मोजण्याचें माप मायक्रोमोल हें होय. एका मायक्रोमोलांत कणांची संख्या सहावर सतरा शून्यें इतकी असते. माध्यान्हींच्या स्वच्छ उन्हांत एक चौरस मीटर जागेवर दर सेकंदास सुमारें २००० मायक्रोमोल पडतात. रात्रीं चांगल्या उजळलेल्या खोलींत मेजावर पडतात ते चार-पांच! मिरचीच्या कोंवळ्या रोपास दिवसाकाठीं दर चौरस मीटरला दहा-बारा मोल, म्हणजे एक कोटी मायक्रोमोल किंवा त्याहून कांहींसा अधिक, उजेड मिळाला तर तें ठेंगणें व टणक वाढतें. फुलें-फळें धरावयाचीं तर वीस ते तीस मोल पाहिजेत.

ही तूट भरून काढण्यासाठीं ‘ग्रो लाइट’ या नांवाचे एलईडी दिवे विकले जातात. कुंडीला चिमट्यानें लावण्याच्या चिमुकल्या दिव्यापासून छताला टांगण्याच्या रुंद फळीपर्यंत त्यांचे नाना प्रकार आहेत. स्वस्त मालाच्या वेष्टनावर पुष्कळ कांहीं छापलेलें असतें. मात्र त्यांतील फारच थोडें ग्राहकाच्या उपयोगाचें असतें.

‘१०००’ हा आंकडाच पाहावा. मार्स हायड्रो व स्पायडर फार्मर या चिनी कारखान्यांचे दिवे स्वस्त वर्गांत बरेच प्रसिद्ध आहेत. पहिल्याचा ‘टीएस १०००’ हा दिवा सुमारें १५० वॅट वीज घेतो, तर दुसऱ्याचा ‘एसएफ १०००’ सुमारें १०० वॅट. येथें हजार हें केवळ नमुन्याचें नांव आहे, आणि हे कारखाने खरी वीज किती लागते तें स्वतःच छापतात. तेव्हां त्यांना लबाड म्हणतां येणार नाहीं. फसतो तो घाईनें वाचणारा. याउलट कित्येक निनांवी विक्रेते दिव्यांतील एकेका कणीची अधिकांत अधिक सहनशक्ति धरून तिला कण्यांच्या संख्येनें गुणतात आणि येणारा गुणाकार वॅट म्हणून छापतात. पांच वॅट सोसूं शकणारी कणी प्रत्यक्षांत एक-दीड वॅटवर चालविलेली असते, हें वेष्टन सांगत नाहीं.

याची पारख करण्यास प्रयोगशाळा नको. घरांतील विजेच्या मीटरवर एक तांबडा ठिपका लुकलुकतो, आणि एका युनिटास तो किती वेळां लुकलुकेल तो आंकडा मीटरच्या तोंडावरच छापलेला असतो. समजा तो ३२०० आहे. घरांतील इतर सर्व उपकरणें बंद करून फक्त नवा दिवा लावावा व सहा मिनिटें ठिपका मोजावा. खरोखरीच्या १०० वॅटच्या दिव्यास तो ३२ वेळां लुकलुकेल. हजार वॅटचा असता तर ३२० वेळां. ज्या विक्रेत्यास हा हिशेब रुचत नाहीं, त्याच्या मालाची अधिक चौकशी करण्याचें कारण उरत नाहीं.

वॅट म्हणजे दिव्यानें खाल्लेली वीज. त्या मोबदल्यांत त्यानें प्रकाशाचे कण किती दिले, हा पुढचा आणि खरा प्रश्न होय. तो एका आंकड्यांत सांगतां येतो: एका ज्यूल विजेमागें किती मायक्रोमोल. काचघरांतून पूर्वीपासून वापरल्या जाणाऱ्या सोडियम दिव्यांपैकीं उत्तमांत उत्तम दिवा सुमारें १.७ देतो. हलका एलईडी दिवा एक-दीडवरच अडतो, तर चांगला अडीच ते तीनपर्यंत जातो. अमेरिकेंतील डिझाइनलाइट्स कन्सॉर्शियम ही संस्था शेतीच्या दिव्यांची कसोटी घेऊन यादी प्रसिद्ध करते. तिनें २०१८ मध्यें किमान मर्यादा १.९ ठेवली होती, ती पुढें २.३ वर नेली. वेष्टनावर हा आंकडा नसेल तर कारखानदाराला तो विचारावा. त्याच्याबरोबर दिव्याखालील जागेचा चौकटींचा नकाशाहि मागावा, म्हणजे मध्यभागीं उजेड किती आणि कोपऱ्यांत किती हें कळतें. केवळ मधल्या बिंदूचा आंकडा मिरवणारी जाहिरात ही भाताच्या ढिगावरचें तूप दाखवून सारें ताट वाढल्याची बतावणी होय.

रंगाविषयीं गैरसमज फार आहेत. पानांतील हरितद्रव्य वेगळें काढून तपासलें, तर तें तांबडा व निळा प्रकाश अधिक शोषतें. यावरून पुष्कळांनीं जांभळट दिवे बनविले आणि ‘रोपाला लागतो तेवढाच रंग’ अशी त्यांची ख्याति केली. परंतु कीथ मॅक्री या शास्त्रज्ञानें १९७२ मध्यें बावीस पिकांच्या पानांवरील मोजमापें प्रसिद्ध केलीं, आणि त्यांत हिरव्या प्रकाशावरहि पान चांगलें काम करतें असें दिसून आलें. अखंड पान आणि नळींतील हरितद्रव्य या दोन वस्तु निराळ्या आहेत. दृश्य प्रकाश देणारी तांबडी एलईडी १९६२ पासून उपलब्ध होती. प्रखर निळी एलईडी जपानांत १९९३ मध्यें तयार झाली, आणि निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. निळ्या कणीवर पिवळट लेप दिला कीं पांढरा उजेड मिळतो. आज पुष्कळ चांगल्या दिव्यांत पांढऱ्या कण्यांच्या जोडीला थोड्या तांबड्या कण्या असतात. जांभळा दिवा निरुपयोगी असतो असें नव्हे. पण त्याच्याखालीं पिवळें पडलेलें पान किंवा किडीचा डाग ओळखूं येत नाहीं, आणि लक्स मोजणारें यंत्रहि तेथें फसतें, कारण लक्स हें मनुष्याच्या डोळ्याचें माप आहे. पांढऱ्या एलईडीखालीं मात्र लक्सला सत्तरानें भागिलें असतां मायक्रोमोलांचा कामापुरता अंदाज येतो. तेवढ्यासाठीं भ्रमणध्वनींतील लक्समापकहि चालेल.

कारखानदार पारखतांना आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. दिवा विकणारे बहुतेक जण कण्या स्वतः बनवीत नाहींत. निचिया, ओसराम, सॅमसंग यांच्यासारख्या मोठ्या उत्पादकांच्या कण्या घेऊन ते जुळणी करतात. त्यामुळें ‘अमक्याची कणी’ ही जाहिरात खरी असूनहि दिवा सुमार असूं शकतो. कणी सहसा आधीं मरत नाहीं. आधीं जातो तो विजेचा दाब संभाळणारा ड्रायव्हर. ज्या गांवांत दाब सतत वरखालीं होतो आणि पावसाळ्यांत विजा कडाडतात, तेथें ड्रायव्हर कोणाचा व तो किती व्होल्टपर्यंत टिकतो, हें कणीच्या नांवापेक्षां महत्त्वाचें ठरतें. अशा ड्रायव्हरांना भारतांत मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. ‘आर’ अक्षरानें आरंभ होणारा तिचा क्रमांक मालावर असावयास पाहिजे. पाणी शिंपडण्याच्या जागीं टांगण्याच्या दिव्याबाबत तर येथें काटकसर करूंच नये. दुरुस्तीची हमी पांच वर्षांची असली, पण दिवा परत पाठविण्याचा पत्ता परदेशांतला असला, तर त्या हमीची किंमत टपालखर्चाइतकीच.

आतां घरगुती हिशेब. साधा ९ वॅटचा पांढरा बल्ब सुमारें ९०० ल्यूमेन उजेड देतो, म्हणजे दर सेकंदास बारा-तेरा मायक्रोमोल. वर टोपण लावून असे तीन बल्ब एक फूट लांब-रुंद परातीवर जवळून टांगले आणि रोज चौदा तास ठेविले, तर वाया जाणारा उजेड वजा जातांहि रोपांना बारा मोलांच्या आसपास मिळतात. महिन्याची वीज साडेअकरा युनिटांच्या आंतच. परातभर रोपें महिनाभर संभाळण्यासाठीं ‘हजारी’ दिवा घेण्याचें कारण नाहीं, हें यावरून दिसेल. फळें धरेपर्यंत झाड घरांतच वाढवावयाचें असेल, तर मात्र अधिक कण देणारा दिवा लागतो, आणि मग वरील चौकशा कराव्या.

शेतकऱ्याचा प्रश्न निराळा आहे. एक एकर मिरचीला दिवसाला वीस मोल उजेड अडीचच्या चांगल्या दिव्यांनीं पुरवावयाचा झाल्यास, थेंबभर उजेड वाया न जातांहि, दररोज सुमारें नऊ हजार युनिटें वीज लागेल. केशोरीच्या शेतावर एवढें काम सूर्य फुकट करतो. कर्ज काढून पिकावर दिवे लावा असें सांगणारा मनुष्य दारीं आलाच, तर त्याला हा गुणाकार करावयास सांगावा. ढगाळ दिवसांत छपराखालीं ठेवलेल्या रोपांच्या परातींपुरता दिव्याचा उपयोग आहे, आणि तोहि थोडक्या रकमेंत होतो.

मात्र तो कोठें टांगावा याला भाताच्या मुलखांत महत्त्व आहे. खरिपांतील भाताचे कित्येक जुने वाण रात्र लांबूं लागल्याच्या खुणेवर निसवतात. म्हणूनच रस्त्याच्या दिव्यालगतच्या पट्ट्यांत भात कधीं कधीं उशिरां निसवलेला दिसतो. मिरचीला या बाबतींत फारसें सोयरसुतक नसतें. तेव्हां पडवींतील रोपांवर रात्रीं दिवा जळत असेल, तर बांधीच्या बाजूला पोत्याचा पडदा सोडावा, किंवा दिव्याचे तास पहांटे न धरतां शक्य तितके दिवसा उजेडींच बसवावे.