नोंद आणि वसुली

चेन्नई शहराच्या जॉर्ज टाउन भागात लेखापरीक्षणाच्या कामानिमित्त काही वर्षे राहण्याचा मला योग आला. इंग्रजी अमदानीत या वस्तीला ‘ब्लॅक टाउन’ असे म्हणत. किल्ल्याच्या आत गोरे आणि बाहेर काळे, अशी ती रोखठोक वाटणी होती. पुढे १९११ साली, पाचव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाच्या वर्षी, हे नाव जाऊन सध्याचे आले. अपमानाचे नाव पुसून त्या जागी बादशहाचे नाव लिहिल्याने जुन्या दुखण्याची भरपाई झाली की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

वस्ती व्यापाऱ्यांची. तिच्यातील साहुकारपेट तर नावानेच सावकारांची. मिंट स्ट्रीटवरून जाताना दोन्ही अंगांना सोन्याचांदीची, भांड्यांची, कापडाची दुकाने लागतात, आणि आज संगणक आले असले तरी एखाद्या जुन्या पेढीवर लाल कापडात बांधलेली चोपडी अजूनही दृष्टीस पडते. तेथून फार दूर नसलेल्या आर्मेनियन स्ट्रीटवर मात्र पाऊल टाकताच वेगळे जग सुरू होते. आर्मेनियन व्यापाऱ्यांनी १७१२ साली येथे देऊळ बांधले. आजची वास्तू १७७२ ची आहे. तिच्या अंगणात त्या व्यापाऱ्यांची थडगी आहेत, आणि भर बाजारपेठेत असूनही तेथे पानांची सळसळ ऐकू येते. (तमिळ बोलीने या ‘आर्मेनियन’चा ‘अरण्मनैक्कारन’, म्हणजे राजवाड्याचा माणूस, करून टाकला आहे. शब्दांच्या वाट्यालाही असे अनपेक्षित भाग्य येते!) त्याच रस्त्यावर रोमन कॅथलिकांचे सेंट मेरीचे मोठे देऊळ आहे. तेथे संत अँथनीच्या दर्शनासाठी दर मंगळवारी सर्व धर्मांच्या लोकांची रीघ लागते.

एका बाजूला चोपड्या आणि दुसऱ्या बाजूला देवळे, या शेजाराने मला एका जुन्या शब्दाकडे नव्याने पाहावयास लावले. तो शब्द म्हणजे ‘ऋण’. माझा जन्म अहमदनगरच्या ख्रिस्ती कुटुंबातला. प्रभूची प्रार्थना मी बोलावयास लागल्यापासून म्हणत आलो आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात या प्रार्थनेमध्ये क्षमेची जी मागणी आहे ती पापांची नव्हे, ऋणांची आहे. लूकने पूर्वार्धात पाप हा शब्द घातला, तरी उत्तरार्धात आपल्या ऋणकऱ्यालाच उभे केले. याचे कारण असे, की येशूच्या अरामी बोलीत पाप आणि कर्ज या दोहोंना मिळून एकच शब्द होता. ज्याने मला दुखविले तो माझे देणे लागतो, ही कल्पना त्या भाषेच्या पोटातच होती.

आपल्या भाषेनेही या बाबतीत कमी सूक्ष्मता दाखविलेली नाही. रुसवा हा समजूत काढणारा कोणी असला तरच टिकतो. राग चढतो आणि उतरतो. डूख धरणारा सापासारखा संधीची वाट पाहतो. परंतु मला सर्वांत अर्थपूर्ण वाटतो तो ‘अढी’ हा शब्द. आपण कच्चे आंबे गवतात घालून ठेवतो तीही अढीच, आणि मनात धरतो तीही अढीच. बाहेरून काही दिसत नाही. आत ऊब असते आणि त्या उबेत फळ पिकत राहते. माझ्या मनात अशी एक अढी चौदा वर्षे होती.

हकिकत साधी आहे. पूर्वीच्या एका कचेरीत, जिचे नाव सांगण्याचे कारण नाही, एक महत्त्वाची फाईल वेळेवर निकालात निघाली नाही. चूक माझी नव्हती. ज्यांना मी वडील भावासारखे मानीत होतो अशा एका ज्येष्ठ सहकाऱ्याने ती वरिष्ठांपुढे माझ्या माथी मारली. माझी बढती दोन वर्षे मागे पडली. एवढेच. त्यानंतर आम्ही लग्नाकार्यात भेटलो, हस्तांदोलन केले, एकमेकांच्या मुलांची चौकशी केली. आणि दर रविवारी मी ऋणकऱ्यांना सोडल्याचे देवाला सांगत राहिलो! मनुष्य देवापुढे किती सहजपणे खोटा हिशेब सादर करतो, याचे लेखापरीक्षकाला तरी आश्चर्य वाटावयास हवे होते.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील निर्दय चाकराची गोष्ट मी लहानपणापासून ऐकली होती. तिच्यातील आकडे मात्र जॉर्ज टाउनमध्ये असताना प्रथमच मांडून पाहिले. राजाचे दहा हजार तालांत देणे असलेल्या चाकराला राजा सर्व माफ करतो. तोच चाकर बाहेर पडून शंभर दिनारांसाठी आपल्या सोबत्याचा गळा धरतो. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एका तालांताचे सुमारे सहा हजार दिनार होत. म्हणजे राजाचे येणे सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके झाले. वर्षाला तीनशे दिवस काम धरले तर ते फेडण्यास एका मजुराला दोन लक्ष वर्षे लागतील. त्यापुढे शंभर दिनार अगदीच क्षुल्लक, असे उपदेशक सांगतात. ही तुलना खरी आहे. परंतु उपदेशकांच्या नजरेतून एक गोष्ट निसटते असे मला वाटते. शंभर दिनार म्हणजे चार महिन्यांची मजुरी! हातावर पोट असलेल्या माणसाला ही रक्कम क्षुल्लक नाही. तुझे नुकसान झालेच नाही, असे येशू त्या चाकराला म्हणत नाही. नुकसान झाले आहे, येणे खरे आहे, दस्तऐवज पक्का आहे; आणि तरीही ते सोड, असे त्याचे म्हणणे आहे.

आमच्या खात्यात यासाठी ‘निर्लेखन’ असा शब्द आहे. एखादी रक्कम निर्लेखित केली म्हणजे ती कधी दिलीच नव्हती असे आपण म्हणत नाही. नोंद जागच्या जागी राहते. थांबते ती वसुली. क्षमा म्हणजे विसरणे, किंवा झालेल्या अन्यायाला न्याय म्हणणे, अशी समजूत करून घेतल्यामुळे कित्येक प्रामाणिक माणसे क्षमेच्या वाटेला जात नाहीत. त्यांना वाटते, खोटे बोलल्यावाचून आपल्याला हे साधणार नाही. वस्तुतः मागणी खोटे बोलण्याची नाहीच.

मराठी वाङ्मयात याचे जे उदाहरण मला सर्वांत जिवंत वाटते ते लक्ष्मीबाई टिळकांचे. नारायण वामन टिळकांना १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय गृहस्थाने बायबल दिले. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले, आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी माहेरच्या माणसांत, पदरी लहान मूल, आणि एके दिवशी कळते की नवरा धर्म सोडून गेला. त्या काळच्या ब्राह्मण स्त्रीला हा आघात वैधव्याहूनही विचित्र होता. कारण नवरा जिवंत होता, पत्रे लिहीत होता, आणि तरीही त्याच्या घरचे पाणी चालत नव्हते. लक्ष्मीबाईंची काही वर्षे या दुःखात आणि संतापात गेली. पुढे त्या नगरास पतीजवळ आल्या, परंतु आपले सोवळे सांभाळून. कोणी त्यांना ‘क्षमा करा’ असा उपदेश करून वळविले नाही. तसे कोणी केले असते तर त्याची काय गत झाली असती, याची कल्पना त्यांचे लिखाण वाचलेल्या कोणालाही करता येईल. त्यांनी स्वतःशीच प्रश्न काढला, की हे जातिभेद देवाने केले की माणसाने. आणि उत्तर सापडताच यापुढे कोणाच्याही हातचे खाईन असे ठरविले. ज्या जमिनीवर त्यांच्या दुखावलेपणाची इमारत उभी होती ती जमीनच त्यांनी काढून घेतली. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला.

परंतु मला येथे सांगावयाचे आहे ते यापुढचे. १९३४ पासून त्यांची ‘स्मृतिचित्रे’ भागाभागांनी प्रसिद्ध झाली. त्या वेळी टिळकांना जाऊन पंधरा वर्षे लोटली होती. या पुस्तकात टिळकांचा शीघ्रकोप आहे, न सांगता घरातून निघून जाणे आहे, घरात दाणा नसताना हातचे दुसऱ्याला देऊन टाकणे आहे. एकही कलम गाळलेले नाही. आणि तरीही वाचताना आपण हसतो, कारण लिहिणाऱ्या हाताला वसुली करावयाची नाही. नोंद पूर्ण आणि वसुली शून्य, असा हिशेब मी अन्यत्र क्वचितच पाहिला आहे. क्षमा न करणारा मनुष्य एक तर नोंद लपवितो, नाही तर व्याज लावतो. लक्ष्मीबाईंनी दोन्ही केले नाही.

येथे एक शंका रास्तपणे येईल. वसुली सोडावयाची, तर मग दुष्टाला मोकळे रान द्यावयाचे काय? नवऱ्याचा मार खाणाऱ्या स्त्रीला ‘क्षमा कर आणि घरी जा’ असे सांगणारे धर्मोपदेशक होऊन गेले आहेत, आणि त्यांनी ख्रिस्ताच्या शब्दांचा अपराध केला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच अठराव्या अध्यायात, चाकराच्या गोष्टीपूर्वी, तक्रारीची रीत सांगितली आहे. अपराध करणाऱ्याकडे प्रथम एकट्याने जाऊन त्याचा अपराध त्याला दाखवावा. न ऐकल्यास एकदोघांना बरोबर न्यावे. तरीही न ऐकल्यास मंडळीपुढे न्यावे. गप्प बसण्याचा सल्ला तेथे कोठेही नाही. ओडिशातील मनोहरपूर येथे १९९९ च्या जानेवारीत ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची फिलिप व टिमथी ही दोन मुले यांना जिवंत जाळण्यात आले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले. त्याच वेळी क्षमा आणि गुन्ह्याचे परिणाम यांची गल्लत करू नये, असेही त्यांनी सांगितले. खटला चालला, शिक्षा झाली, आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने मुख्य आरोपीची जन्मठेप कायम केली. ग्लॅडिसबाई मात्र हत्येनंतरही अनेक वर्षे बारिपद्यास राहून कुष्ठरोग्यांची सेवा करीत होत्या. सूड घेण्याचे काम त्यांनी देवावर सोडले, न्यायाचे न्यायालयावर, आणि स्वतःकडे रुग्ण ठेवले.

इतक्या मोठ्या उदाहरणांपुढे माझी दोन वर्षांची बढती आठवली की लाज वाटते. पण आंबा लहान असला तरी अढीत पिकायचा राहत नाही. मी त्या रीतीतील पहिलीच पायरी चौदा वर्षांत चढलो नव्हतो. त्या गृहस्थांना एकट्याने भेटून कधी काही सांगितलेच नव्हते. हस्तांदोलनाच्या आड बसून मी व्याज मोजीत होतो. शेवटी जॉर्ज टाउनमधून त्यांना एक पत्र लिहिले. आरोपाची भाषा टाळली, पण काय घडले ते तारखेनिशी लिहिले, आणि माझ्याकडून हा विषय संपला असे कळविले. ते पत्र पोस्टात टाकण्यास मला तीन दिवस लागले.

त्यांचे उत्तर दहा दिवसांनी आले. निवृत्तीनंतर गुडघे धरले आहेत, डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, मुलगा परदेशी आहे. आणि शेवटी, अगदी सरळपणे, ती फाईल मला आठवत नाही. मी पत्र दोनदा वाचले. चौदा वर्षे ज्या ऋणकऱ्याच्या दारात मी मनाने बसून होतो, त्याच्या चोपडीत माझे नावच नव्हते! त्या संध्याकाळी मला पुन्हा राग आला, हे कबूल केले पाहिजे. आठवत नाही म्हणणे हा कांगावा तर नव्हे, असेही मनात येऊन गेले. येशूने पेत्राला सत्तर वेळा सात असा जो हिशेब सांगितला, तो निरनिराळ्या अपराधांचाच असतो असे मी समजत होतो. एकाच अपराधाची तितक्या वेळा क्षमा करावी लागते, हे मला तेव्हा कळले.

आता ते मला सुट्टीत घरी येण्याचा आग्रह करीत असतात. मी जाणार आहे. गुडघ्यांची चौकशी करीन, मुलाची करीन. फाईलीचा विषय मी काढणार नाही. पण त्यांनीच काढला, तर काय झाले ते मला आठवते, एवढे सांगेन आणि चहा घेईन.