उतरलेली पापणी

एक पापणी खाली दिसली की ‘झोप झाली नाही वाटतं’ असं सहज म्हटलं जातं. पण टोसिस (वरची पापणी उतरणे) म्हणजे थकवा नव्हे. पापणी उचलणाऱ्या स्नायूचा कंडरा (स्नायूचं चिवट टोक) बहुधा वयामुळे सैल पडतो. दोरी ढिली झालेला बांबूचा पडदा अर्ध्यावर लोंबतो, तसंच. पडदा शाबूतच असतो, ढिली असते ती दोरी. म्हणून व्यायामाने पापणी वर जात नाही, शस्त्रक्रियेत कंडरा आवळावा लागतो. संध्याकाळी अधिक उतरणाऱ्या पापणीमागे मायस्थेनिया हा वेगळा आजार असू शकतो, त्यावर औषधं आहेत. बाळाच्या डोळ्याची बाहुली झाकली जात असेल, तर थांबू नये. दृष्टी कायमची मंद राहू शकते. आणि पापणी अचानक उतरून दोन-दोन दिसू लागलं, तर ताबडतोब रुग्णालय गाठावं.